जीप दारात उभी करण्यापूर्वी



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सोयाबीन निघून घरात आले होते आणि हरभऱ्याची पेरणी चालू होती. बीजप्रक्रिया करून दाखवण्यासाठी मी साखरखेर्डा परिसरातील एका वस्तीवर गेलो होतो. काम आटोपले, चहा झाला. तेवढ्यात घरातल्या तरुणाने विचारले, "साहेब, एक जुनी जीप मिळून ऱ्हायली. फोर बाय फोर आहे. घेऊ काय?"

मी उत्तर देण्याआधीच दारातून त्याच्या आईचा आवाज आला, "या दारात एकदा जीप उभी राह्यली होती साहेब. जातानी दोन एकर घेऊन गेली."

मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने त्या बाईच पुन्हा म्हणाल्या, "पण खोटं कशाला बोलू? हा पोरगा झाला तवा जीपच धावून आली होती."

जीपने तारले आणि जीपने बुडवले, हे दोन्ही अनुभव एकाच घराने घेतलेले. मी त्या तरुणाला म्हणालो, "घाई करू नको. मी विचार करून सांगतो." त्याला जे सांगितले तेच आज तुम्हा सर्वांना सांगत आहे. कारण हा प्रश्न त्या एका घरापुरता राहिलेला नाही. माल विकून हातात चार पैसे आले की अनेक तरुणांच्या मनात तो येतो. कोणाला जुनी जीप खुणावते, कोणाला नवी थार.

जीप जन्मली कशी?

जीपचा जन्म लढाईच्या गरजेतून झाला. १९३९ मध्ये युरोपात दुसरे महायुद्ध पेटले. अमेरिका त्या वेळी युद्धात उतरली नव्हती, पण तयारीला लागली होती. चिखल, वाळू, डोंगर, नाला, कोठेही जाईल आणि चार माणसांनी धक्का दिला तर हलेल, अशी हलकी गाडी तिच्या सैन्याला हवी होती. जुलै १९४० मध्ये सैन्याने १३५ कारखान्यांना मागणी कळवली. पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत द्यायचा होता. ही अट पाहूनच बहुतेकांनी माघार घेतली.

बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने सप्टेंबर १९४० मध्ये नमुना तयार करून दिला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनीही आपापले नमुने दिले. विलीजच्या गाडीचे इंजिन ६० अश्वशक्तीचे होते आणि जोरात ते सर्वांना भारी ठरले. बार्नी रूस हे त्या इंजिनामागचे अभियंते. मग विलीजचा नमुना पक्का करून विलीज आणि फोर्ड या दोघांनी तीच गाडी बनवली. युद्ध संपेपर्यंत अशा ६ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीवरही त्या धावल्या. ब्रह्मदेशात तर जीपला रेल्वेची चाके बसवून तिच्याकडून डबे ओढून घेतले गेले.

युद्ध संपत आल्यावर एवढ्या गाड्यांचे आणि कारखान्यांचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. विलीज कंपनीने तेव्हा शेतकऱ्याकडे पाहिले. १९४५ मध्ये तिने नागरी वापराची जीप बाजारात आणली. तिला मागे औजार ओढण्यासाठी दांडा होता आणि इंजिनाच्या जोरावर यंत्र फिरवण्यासाठी शाफ्ट जोडण्याची सोय होती. नांगरणी करा, मळणीयंत्र फिरवा, संध्याकाळी त्याच गाडीत बसून बाजारला जा, अशी ती कल्पना होती.

इंग्लंडमध्येही असेच झाले. रोव्हर कंपनीचे अभियंते मॉरिस विल्क्स हे आपल्या शेतावर युद्धातून उरलेली जीप वापरत. तिच्यावरूनच त्यांना आपल्या कंपनीची गाडी काढण्याची कल्पना सुचली आणि १९४८ मध्ये लँड रोव्हर आली. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचा सांगाडा पोलादाचा ठेवून वरचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले होते.

म्हणजे आज शहरात हौसेने मिरवणाऱ्या या गाड्यांची पाळेमुळे एका बाजूला रणांगणात आणि दुसऱ्या बाजूला शेतात आहेत. मात्र नांगरणीच्या कामात जीप टिकली नाही. ते काम ट्रॅक्टरचे. नांगर ओढायला वजन लागते, मोठी चाके लागतात आणि तासन् तास मंद गतीने चालणारे इंजिन लागते. एकाच जनावराला शर्यतीतही पळवायचे आणि नांगरालाही जुंपायचे, तर ते कोठेच धड होत नाही. नव्या गाड्यांच्या जाहिराती पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

आपल्या देशातली जीप

जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांच्यासह २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी काढली. तिचा व्यवसाय पोलादाचा होता. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. कैलाशचंद्र महायुद्धाच्या काळात अमेरिकेत होते. तेथे त्यांची बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली आणि खराब रस्त्यांच्या आपल्या देशाला हीच गाडी योग्य, हे त्यांच्या मनाने घेतले. १९४७ मध्ये विलीजकडून ७५ जीपची पहिली खेप सुट्या भागांच्या रूपात आपल्याकडे आली. पुढे एकेक भाग करत जीप आपल्याकडेच तयार होऊ लागली.

पहिल्या जीप पेट्रोलवर चालत आणि पेट्रोल भरपूर पीत. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, तेव्हा ही गाडी सामान्य माणसाला पेलवेना. मग तिच्यात डिझेल इंजिन आले. ८० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या सहकार्याने इगतपुरीला होणारे डिझेल इंजिन जीपमध्ये बसू लागले. 'एमएम ५४०' ही जीप त्यामुळे खेडोपाडी पोहोचली. १९८५ च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली. ती हलकी, चपळ आणि पेट्रोलवर चालणारी. पोलीस आणि सैन्यदल यांनी ती उचलली. जबलपूरच्या लष्करी कारखान्यातली जोंगा ही आणखी एक दणकट गाडी. लष्कराच्या लिलावांतून तीही हळूहळू लोकांच्या हाती आली. पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आणि महिंद्रची कमांडर यांनी मात्र खेड्यातील प्रवासी वाहतुकीचे चित्र पालटले. २००० साली बोलेरो आली, २०१० साली थार आली आणि २०२० साली थारचे नवे रूप आले.

खेड्यातल्या माणसाला जीप प्रथम दिसली ती सरकारी. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली. गटविकास अधिकारी आणि त्यांची जीप ही जोडी तेव्हापासूनची. १ मे १९६२ रोजी आपल्या राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि ही जीप पंचायत समितीच्या दारात उभी राहू लागली. संकरित बियाणे, लसीकरण, कुटुंबनियोजन, १९७२ च्या दुष्काळातली कामे, सारे काही या जीपमधून गावात आले. माझ्या लहानपणी जीपचा आवाज आला की आम्ही मुले शाळेच्या खिडकीला लटकत असू. पुढे नोकरीत आलो तेव्हा तीच जीप आतून पाहिली. पाठीचे मणके मोजून घ्यावेत अशी तिची चाल! पण जेथे आमच्या मोटारसायकली हात टेकत, तेथे ती पोहोचत असे.

काळ्या मातीत जीप काय करते?

आमचे साखरखेर्डा हे सिंदखेड राजा तालुक्यातील, बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरचे गाव. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई येथेच झाली, म्हणून इतिहासात गावाचे नाव आहे. पण श्रावण-भाद्रपदात इतिहासाची आठवण कोणाला राहते? वस्तीवरच्या माणसाला तेव्हा एकच आठवण असते, ती चिखलाची. आपली काळी माती चिकणमातीच्या बारीक कणांची आहे. पाणी प्याली की फुगते, चाकाला लपेटते, टायरच्या खाचा भरून टाकते. मग टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो आणि जागच्या जागी फिरत राहतो.

साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना जातो. फोर बाय फोर जीपमध्ये मुख्य गिअरच्या शेजारी एक लहान दांडा असतो. तो टाकला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. त्याच दांड्याने 'लो' गिअर टाकला की चाके हळू फिरतात, पण जोर वाढतो. बैल चढणीला पाऊल आखडून, मान घालून ओढतो, तसेच हे.

पण जीप म्हणजे जादू नाही. डिफरन्शियल नावाचा भाग दोन बाजूंच्या चाकांत जोर वाटतो. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरू लागले की ते नुसतेच गरगर फिरते आणि घट्ट जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. त्यामुळे पुढचे एक आणि मागचे एक चाक घसरले की चार चाकांची जीपही बसते. पंचायत समितीची जीप दोन बैलजोड्या लावून बाहेर काढलेली मी स्वतः पाहिली आहे. ज्याच्या बैलांनी ती काढली तो शेतकरी हसत म्हणाला होता, "साहेब, हे तुमचं फोर बाय फोर, आन् हे आमचं एट बाय एट!"

जीप असणाऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

चिखलात शिरण्यापूर्वीच पुढची चाके जोडा. रुतल्यावर दांडा ओढून फायदा थोडा.

चिखलात गाडी एका लयीत चालवा. चाक जागेवर फिरू लागले की एक्सिलरेटर सोडा. जितके फिरवाल तितका खड्डा खोल होतो.

गाडीत खोरे, भक्कम दोर आणि जॅकखाली ठेवायला लाकडी फळी असू द्या. चाकाखाली पऱ्हाट्या किंवा तुराट्यांच्या पेंढ्या आडव्या घाला. आपल्या भागात यासारखा सोपा उपाय नाही. मात्र चाकामागे कोणी उभे राहू नये आणि ताणलेल्या दोराजवळ मुलांना येऊ देऊ नये.

कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची चाके जोडून जुनी जीप पळवू नका. वळणावर चारही चाके सारखी फिरत नाहीत. त्याचा ताण गिअरवर आणि शाफ्टवर येतो आणि काम खर्चात जाते.

ओल्या शेतात जीप घालू नका, हे मी कृषी विस्ताराचा माणूस म्हणून मुद्दाम सांगतो. चाकाच्या पट्ट्यात माती दबते, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. पुढच्या पिकात त्या ओळी पिवळ्या पडलेल्या दिसतात. धुरा सोडून आत जायचे तर वाफसा येऊ द्या.

वाहत्या पाण्यात चार चाकांचा काही उपयोग नाही. पाणी गाडीला उचलते, आणि जमिनीला न टेकलेली चाके चार काय आणि सहा काय!

त्या रात्रीची जीप

या शेवटच्या मुद्द्यावरून त्या घरातली पहिली जीप सांगतो. १९९८ चा पावसाळा. या तरुणाची आई अडलेली. वस्तीपासून पक्का रस्ता दोन किलोमीटरवर, मध्ये नाला. नवऱ्याने बैलगाडी जुंपली. शेपन्नास पावलांवर गाडीची चाके आसापर्यंत रुतली. तेव्हा खांद्यावर घोंगडे टाकून सासरे गावात धावले. तेथे एका शेतकऱ्याकडे लष्करी लिलावातून आलेली जुनी पेट्रोल जीप होती.

तो माणूस अंगात शर्ट घालतच निघाला. पण नाल्याशी आल्यावर त्याने गाडी थांबवली. पाणी उतरत होते. सगळे 'घाला गाडी, घाला गाडी' म्हणत असताना तो अर्धा तास थांबला. मग हातात काठी घेऊन, कमरेला दोर बांधून तो स्वतः नाल्यात उतरला आणि तळ कोठे घट्ट आहे ते पाहून आला. त्यानंतरच त्याने लो गिअर टाकला. येताना जीपच्या मागच्या भागात गोधड्या अंथरून बाईंना निजवले. साखरखेर्ड्याच्या दवाखान्यात पोहोचल्यावर तासाभरात मुलगा झाला. जीपवाल्याने पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत.

बाई मला म्हणाल्या, "त्या अर्ध्या तासात मी त्या माणसाला किती शिव्या दिल्या असतील! नंतर समजलं, तो थांबला म्हणून आम्ही आहोत."

बंधूंनो, चांगली गाडी आणि चांगला चालक यांत निवड करायची वेळ आली तर चालक निवडा.

दोन एकर कसे गेले?

आता दुसरी जीप. या तरुणाच्या वडिलांनी २००३ मध्ये जुनी डिझेल जीप घेतली. त्या वेळी आपल्या भागात बस मोजक्या आणि माणसे फार. साखरखेर्ड्याहून लव्हाळ्याकडे, चिखलीकडे, बाजाराच्या दिवशी मेहकरकडे, अशा काळ्या-पिवळ्या आणि खासगी जीप भरभरून धावत. शेतीला जोडधंदा म्हणून त्यांनी कर्ज काढले. कल्पना वाईट नव्हती. पहिल्या वर्षी रोज रोख पैसा हातात खेळला. या पैशातून घरखर्च निघाला, बहिणीचे लग्न झाले. पण त्यातला एकही रुपया गाडीसाठी बाजूला पडला नाही.

दुसऱ्या वर्षी आणखी चार जीप रस्त्यावर आल्या. भाडे वाढवता येईना. मग नऊ माणसांच्या गाडीत सोळा बसू लागली, दोन मागे लोंबकळू लागली. पाटे तुटले, टायर फुटू लागले, क्लच प्लेट गेली. टायर घ्यायला खताचे पैसे गेले आणि खताला सावकार आला. आणखी एक गोष्ट त्यांना फार उशिरा कळली. ती गाडी दिसायला जीप असली तरी मागच्या दोनच चाकांवर चालणारी होती. पावसाळ्यात ती वस्तीवर येतच नसे. फाट्यावर उभी करून ते चिखल तुडवत घरी येत.

मग एके दिवशी वळणावर गाडी कलंडली. सुदैवाने कोणी दगावले नाही, पण दोघे जबर जखमी झाले. गाडीची नोंद खासगी, प्रवासी वाहतुकीचा परवाना नाही. अशा वेळी विम्याचे संरक्षण मिळत नाही, किंवा विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. येथे भरपाईचा बोजा मालकावर आला. कर्ज होतेच. २००८ मध्ये नाल्याकाठची दोन एकर काळी जमीन विकली गेली. जीप भंगारात गेली. तिचे एक सीट आजही त्यांच्या ओसरीवर आहे. मी त्यावरच बसून चहा प्यालो होतो.

यात दोष कोणाचा? गाडीचा नव्हे. धंदा करायचा तर परवाना, विमा, बसणाऱ्यांची मर्यादा आणि झीज भरून काढणारी शिल्लक, या चारही गोष्टी हव्यात. त्यातली एकही नव्हती.

जुनी जीप घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, ती खरोखर फोर बाय फोर आहे काय? पाटीवर किंवा तोंडी शब्दावर विश्वास ठेवू नका. लहान दांडा असून भागत नाही. खाली वाकून पुढच्या आसाकडे जाणारा शाफ्ट आहे का ते पहा. अनेक जुन्या गाड्यांतला तो शाफ्ट काढून ठेवलेला असतो. मऊ जमिनीवर गाडी नेऊन दांडा टाकून प्रत्यक्ष पहा. नव्या गाड्यांतही हे विचारा. २०२३ पासून थारसुद्धा मागच्या दोनच चाकांवर चालणाऱ्या प्रकारात मिळू लागली. आकार तोच, काम वेगळे.

दुसरी गोष्ट, चेसिस. वरचा रंग पाहून भुलू नका. गाडीखाली झोपून चेसिसला जोड दिला आहे काय, पाट्यांच्या टेकूंजवळ तडा आहे काय, गंज किती खोल आहे, हे पहा. सोबत आपला मिस्त्री न्या, विकणाऱ्याचा नको.

तिसरी गोष्ट, आवाज आणि गळती. शाफ्टचे क्रॉस खिळखिळे झाले असतील तर गिअर टाकताच 'टक' असा आवाज येतो. स्टिअरिंग सरळ धरले असता पुढची चाके थरथरत असतील तर किंगपिन आणि बेरिंग तपासा. सकाळी गार इंजिन सुरू करायला लावा. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कागद. नोंदणी पुस्तकातला इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पहा. लष्करी लिलावाची गाडी असेल तर लिलावाचे कागद आणि त्यानंतरची आरटीओची नोंद दोन्ही हवीत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क बरेच वाढले आहे, शिवाय पर्यावरण कर असतो. हा सारा खर्च किमतीत धरूनच बोली करा.

उत्तरेकडे जुन्या सामानातून बांधलेल्या उघड्या जीप स्वस्तात मिळतात. चित्रात त्या फार सुंदर दिसतात. पण कारखान्याने दिलेला मूळ ढाचा बदललेली गाडी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. इंजिन किंवा इंधन बदलायचे तर आरटीओची परवानगी लागते. बिनकागदाच्या गाडीला अपघात झाला तर पुन्हा तोच दोन एकरांचा रस्ता.

हिशेबाची वही

गाडी फुकट मिळाली असे समजून केवळ तिचे वर्षाचे पोट पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापले घालून पहावेत.

वर्षाला ४,००० किलोमीटर फिरणे आणि लिटरला १० किलोमीटर असा हिशेब धरला तर ४०० लिटर डिझेल लागेल. ९० रुपये भावाने ३६,००० रुपये झाले. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा सक्तीचा विमा सुमारे ८,०००. पाच टायर पाच वर्षांत बदलायचे म्हणून वर्षाला ६,०००. बॅटरीसाठी २,५००. ऑइल, ग्रीसिंग आणि दुरुस्ती मिळून २०,०००. एकूण ७२,५०० रुपये. म्हणजे किलोमीटरला १८ रुपयांहून थोडे अधिक.

आता तीच गाडी वर्षात फक्त १,००० किलोमीटर फिरली तर? डिझेल ९,०००. दुरुस्ती निम्मी, म्हणजे १०,००० धरू. विमा, टायर, बॅटरी तेवढेच, कारण टायर उन्हातही झिजतो आणि बॅटरी उभ्या गाडीतही मरते. एकूण ३५,५०० रुपये. म्हणजे किलोमीटरला साडेपस्तीस रुपये! उभी गाडी स्वस्त पडते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती दुप्पट महाग पडते. यात कर्जाचा हप्ता धरलेला नाही.

भगिनींनो, ही वही तुम्ही लिहा. हप्ता कोणत्या महिन्यात येतो आणि घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो, हे घरातल्या बाईइतके कोणाला ठाऊक नसते. आपल्याकडे पैसा दिवाळीच्या आसपास आणि होळीच्या आसपास येतो. हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा असतो.

एकट्याला न पेलणारी गाडी तीन भावांना किंवा गटाला पेलू शकते. भाजीपाला, दूध, बियाण्याचा माल असे वर्षभराचे काम असेल, तर गाडी पोसली जाते. तेव्हा तिला हौस म्हणू नये, औजार म्हणावे. पण भागीदारीत नाव कोणाचे, विमा कोण भरणार, चालवणार कोण, हे आधी कागदावर लिहा.

आधी वाट

मी त्या तरुणाला एकच प्रश्न विचारला, "वर्षात किती दिवस तुला फोर बाय फोर लागेल?"

त्याने बोटांवर मोजले. श्रावण-भाद्रपदात मिळून वीसेक दिवस. बाकीचे दिवस मोटारसायकल जाते, भाड्याचा ट्रॅक्टर येतो. आणि अडचण कोठे आहे? दोन किलोमीटर पांदणीत आणि एका नाल्यात.

मग मी म्हणालो, "त्या दोन किलोमीटरसाठी तू एकटा जीप घेणार. तुझे शेजारी काय करणार? त्यांच्या घरी बाई अडली तर?"

जेथे रस्ता नाही तेथे जीप ही गरज आहे, जेथे रस्ता आहे तेथे ती हौस आहे. हौस करावी, पण कर्ज काढून करू नये. आणि गरज असेल तर ती जीपची आहे की रस्त्याची, हे आधी ओळखावे.

शेतरस्त्यासाठी कायदा आपल्या बाजूला आहे. शेतात जायला वाट नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात. वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडेच अर्ज करता येतो. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो करावा लागतो. पांदण रस्ते मजबूत करण्यासाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली आणि तिला रोजगार हमीची जोड दिली. आपल्या गावाला आज कोणत्या योजनेतून काम मिळेल, हे पंचायत समितीत येऊन विचारा. ग्रामसभेचा ठराव आणि लागून असलेल्या शेतकऱ्यांची संमती बरोबर असेल तर निम्मे काम झाले असे समजा.

त्या तरुणाने वही लिहिली. या वर्षी जीप घेतली नाही. पांदणीला लागून असलेल्या अकरा शेतकऱ्यांच्या सह्या त्याने गोळा केल्या. दोघे अडून होते. एकाची हद्द मोजायची होती, दुसऱ्याचे जुने भांडण होते. त्या दुसऱ्याकडे त्याची आई स्वतः गेली आणि सही घेऊन आली. ठराव झाला आहे, अर्ज दिला आहे. काम अजून व्हायचे आहे, आणि मी त्याचा पाठपुरावा करीत आहे.

परवा वस्तीवर गेलो तेव्हा ओसरीवर त्याच जुन्या सीटवर बसलो. बाई म्हणाल्या, "मी काही जीपच्या वाईटावर नाही साहेब. पोराच्या हातून होईल तवा घेईल. पण आधी वाट होऊ द्या. मग दारात काहीही उभं राहो, बैलगाडी राहो नाही तं जीप."

बंधूंनो आणि भगिनींनो, यापेक्षा चांगला सल्ला माझ्याजवळही नाही. जीप घ्यायची असेल तर आधी वही घ्या, आणि वही घेण्याआधी आपल्या पांदणीवरून एकदा पावसाळ्यात पायी चालत जा.